पाणी न म्हणणाऱ्या मॅडम

जगताप मॅडम गल्लीतून जाऊ लागल्या की बायका पदर गळ्याभोवती ओढून घ्यायच्या. थंडी नसली तरी. माझी काकू ओट्यावर बिड्या वळत बसलेली असायची. तिचे दोन्ही हात पानात गुंतलेले, म्हणून ती नुसती हनुवटी खाली दाबून गळा लपवायची. मॅडम पुढे गेल्या की म्हणायची, "गेली का वं ते? पाह्यते अशी का गाठ नसन तं होऊन जाईन."

काकूचं अगदीच चूक होतं असं नाही. मॅडम माणसाचा चेहरा नंतर पाहायच्या, आधी गळा. कानाखालून सुरू करून जबड्याच्या कडेने, मग मानेच्या त्या लांब स्नायूवरून खाली हाडापर्यंत त्यांची नजर उतरायची. हे सगळं एका श्वासात व्हायचं आणि मग त्या विचारायच्या, "कशी आहेस?" हा प्रश्न मला नसून माझ्या मानेला आहे, असं मला पुष्कळ दिवस वाटत असे.

त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसला नाही. खेड्यांतले लोक त्यांना सुईवाली बाई म्हणत, गोंदियातले गांठवाली मॅडम. एका इस्पितळाच्या मागच्या बाजूला, औषधांच्या खोक्यांच्या कोठीला लागून त्यांची खोली होती. गळ्यात गाठ आलेल्या माणसाला डॉक्टर तिकडे पाठवत. मॅडम बारीक सुई घालून आतलं थोडं ओढून घेत, काचेच्या पट्टीवर पसरत, रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. पाहून झालं की स्वतः बाहेर येऊन त्या माणसाशेजारी बाकावर बसत आणि सांगत. टोचणं आणि पाहणं त्यांच्या नोकरीत होतं. सांगणं नव्हतं. तपासणाऱ्याने कागद पाठवावा, बोलायचं ते पाठवणाऱ्या डॉक्टरने, अशी रीत आहे. मॅडमना ती मान्य नव्हती.

"त्याने माझ्या हातात मान दिली," त्या म्हणायच्या. "आणि मी त्याच्या हातात पाकीट देऊ?"

आता त्या गोंदियात नाहीत. त्यांच्या खोलीत खोकी आली आहेत. सुई एक जण टोचतो, काच दुसऱ्या शहरात जाते, तिसरा कुणीतरी पाहतो आणि निकाल माणसाच्या मोबाइलवर येतो. तो शेतात उभा असतो, नाहीतर लग्नात पंगतीला बसलेला असतो. खिशात टिंग वाजतं. याला सोय म्हणतात. कुणाची सोय, हे विचारायचं नसतं. मी विचारते, म्हणून लोक मला भांडखोर म्हणतात.

माझे वडील बीडी कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे मॅडम आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आल्यावर त्यांच्याशी माझी खरी गट्टीही एका पत्रकावरूनच जमली. ती पुढे सांगते.

त्या साताऱ्याकडच्या होत्या. इतक्या लांब का आल्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्न झालं होतं की नाही, मला माहीत नाही. घरात दोन खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर कायम जाडजूड पुस्तकं रचलेली असत. मी गेले की त्या पुस्तकं उचलून पलंगावर ठेवत आणि मी उठले की परत खुर्चीवर. रविवारी बहिणीचा फोन येई. बोलणं संपल्यावरही थोडा वेळ फोन त्यांच्या कानाशी तसाच असे. हिवाळ्यात रोग्याला हात लावण्याआधी त्या चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसत. चहा गार होऊन जाई, त्या पीत नसत. तो हात गरम करायला मागवलेला असायचा.

एकदा मी विचारलं होतं, काचेत वाईट दिसलं की पहिल्यांदा काय वाटतं. वाईट वाटतं, असं काहीतरी उत्तर येईल या हिशेबाने मी पुढचा प्रश्नही तयार ठेवला होता. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"एकटं वाटतं," मग म्हणाल्या. "बाहेर तो बाकावर बसून शेंगदाणे खात असतो. त्याला माहीत नाही, त्याच्या बायकोला माहीत नाही, ज्याने पाठवलं त्या डॉक्टरला माहीत नाही. मला एकटीला माहीत असतं. मी दार उघडेपर्यंत."

पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

पण त्या रडक्या मुळीच नव्हत्या. त्यांचं हिंदी हा तर गावभर गमतीचा विषय होता. एकदा आम्ही दोघी रिक्षाने बाजारात निघालो होतो. भर चौकात मॅडम पुढे वाकल्या आणि चालकाच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "भैय्या, जरा थांबो. तुम्हारे मान में गाठ है."

त्याने ब्रेक लावला. "मेरे मान में? किसने क्या बोल दिया मेरे बारे में?"

"मान, मान. गला," मी सांगितलं.

"अच्छा, गला. अरे मॅडमजी, ये तो बचपन से है. मामा को भी था."

"जीभ निकालो," मॅडम म्हणाल्या.

मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवू लागले. तो बिचारा मागे वळून, मोठे डोळे करून, जीभ बाहेर काढून बसला. गळ्याच्या मधोमध असलेली ती सुपारीएवढी गाठ जिभेबरोबर टुणकन वर सरकली. मॅडमच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू त्याने त्यांना शेला पांघरला.

"जन्माच्या आधीची आहे," त्या मला म्हणाल्या. "गळ्यातली ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते, तेव्हा मागे वाट राहते. कुणाची बुजते, कुणाची थोडी उघडी राहते आणि त्यात साठतं. म्हणून जिभेबरोबर हलते." मग त्याला म्हणाल्या, "डरो मत. सवडीने ऑपरेशन कर लो. फुटने मत दो."

त्याने सवडीने केलंही. त्यानंतर मॅडम कुठेही दिसल्या की तो रिक्षा हळू करायचा आणि नमस्काराऐवजी जीभ काढून दाखवायचा. लोक बघत राहायचे. सगळ्या गोंदियात लांबून ओळख दाखवणारा त्यांचा तो एकच माणूस होता.

दवनीवाड्याहून एक बाई आपल्या चिमुकलीला घेऊन आली होती. पोरीच्या मानेच्या बाजूला जन्मापासून मऊ, लोंबती सूज. आईला कुणीतरी सांगितलं होतं की हे पोटात असताना ग्रहण पाहिल्याने होतं. ती मान खाली घालून उभी होती, जणू अपराधी. मॅडमनी सुई घेतलीच नाही. खिडकी लावली, दिवा घालवला, विजेरी पोरीच्या मानेला टेकवून लावली. सगळी सूज आतून लालकेशरी उजळली. कंदिलासारखी.

"ये, बघ," त्या आईला म्हणाल्या. "उजेड आरपार जातोय. आत घट्ट काही नाही. ग्रहणबिहण विसर. पोटात असताना हिच्या मानेतल्या बारीक नळ्या नीट जुळल्या नाहीत, एवढंच. नागपूरला इंजेक्शन देतात, हिला घेऊन जा."

"माया काई दोष नाई ना, बाई?"

"काडीचा नाही."

ती आई अंधारात हुंदके देऊ लागली आणि पोरगी स्वतःच्या उजळलेल्या गळ्याकडे पाहायला मान वाकडी करकरून हसत होती.

तर पत्रक. खेड्यांत लोक गळ्यातल्या गाठींना लेप लावतात, डाग देतात आणि वर्ष घालवून येतात, हे मी मॅडमकडूनच ऐकलं होतं. मी पेटले. रातोरात पत्रक लिहिलं आणि सकाळी त्यांच्यापुढे ठेवलं. वरती मोठ्या अक्षरांत होतं: 'गळ्यातली गाठ म्हणजे मृत्यूचा फास!!!' त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि आधी तिन्ही उद्गारचिन्हं खोडली.

"कुणावर ओरडतेस?"

"व्यवस्थेवर."

"पण वाचणार तर तो गाठवाला. ओरडलं की माणूस पळतो. आणि सगळ्या गाठी फास नसतात. त्या रिक्षावाल्याची होती का? क्षयाच्या गाठी असतात, त्या गोळ्यांनी जातात. काही जन्माच्या असतात. खोटं लिहू नकोस."

मग खाली वाचत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. 'गाठीतून पाणी निघालं तरी निर्धास्त राहू नका,' अशी ती ओळ होती. त्यांनी 'पाणी' या शब्दाभोवती गोल काढला. "हा शब्द नको."

"का?"

त्यांनी सांगितलं ते एकदाच, आणि कांदा चिरता चिरता. गोंदियात आल्यावरचं त्यांचं पहिलंच वर्ष. पन्नाशीची एक शेतकरी बाई आली होती. गळ्यात डाव्या बाजूला मऊ गाठ. मॅडमनी सुई घातली, सिरिंज पिवळसर भरली, गाठ बसली. त्या सहज म्हणाल्या, "पाणी निघालं, बाई." पुढे आणखी सांगायचं होतं: काच पाहायची आहे, आठवड्याने परत या. पण बाई पुढचं काही ऐकेना. आमचा हा मुलूख तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांचा. इथे विहीर खणताना खाली ओल लागली की वर ओरडून सांगतात, पाणी निघालं. मग गूळ वाटतात. त्या दोन शब्दांना इथे दुसरा अर्थच नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई बताशांचा पुडा घेऊन आली आणि तिने एक बताशा मॅडमच्या तोंडात घातला.

"काच तोवर पाहून झाली नव्हती," मॅडम म्हणाल्या. "मी तो खाल्ला. काच पाहिली तेव्हा ती गावी गेली होती. मी कागद पाठवला. तो कुठे गेला देव जाणे. ती परत आली ती वर्षाने. मान दगडासारखी झाली होती. मला म्हणाली, 'तुमीच तं म्हनलं होतं, बाई, पानी निंगलं.' भांडत नव्हती. आठवण करून देत होती."

तेव्हापासून त्या खोलीत मॅडम पाणी हा शब्द उच्चारत नसत. 'आतलं' म्हणत. सिरिंज भरली की तळव्यात झाकून घेत, रोग्याला दिसू देत नसत. कुणाला तहान लागली तरी विचारत, "ग्लास भरून देऊ?" सोनोग्राफीच्या कागदावर 'साधी पाण्याची गाठ' असं कुणी लिहून पाठवलं की त्या तो कागद उलटा करून ठेवत. "चाळिशीनंतर मानेच्या बाजूला आलेली मऊ गाठ मी निर्दोष धरत नाही," असं त्यांचं म्हणणं. "कोर्टात उलटं असतं. माझ्याकडे असं."

आत्मारामभाऊ आले ते पावसाळा सरता सरता, सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यातून. पन्नाशीचे, ताठ, बोलके. पूर्वजांनी गावाचा तलाव बांधलेला, आणि त्याच्या पाळीची, म्हणजे बांधाची, देखभाल अजून यांच्याच घराकडे. माझ्या आजोळचं गाव शेजारचं, म्हणून ओळखीने मीच त्यांना मॅडमकडे नेलं होतं. डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. दुखत नव्हती. कुठल्याशा दवाखान्यात 'पाण्याची आहे, काही नाही' असं सांगून झालेलं.

मॅडमनी सुई घातली. गाठीत इतकं होतं की मोठी सिरिंज भरली आणि ती काही तळव्यात मावेना. आत्मारामभाऊंनी मान न हलवता डोळे तिरपे करून पाहिलं.

"पानी लागलं ना जी," ते म्हणाले. चेहरा उजळला.

"आतलं आहे," मॅडम म्हणाल्या. "हलू नका. आता गाठीच्या भिंतीतून अजून एकदा घ्यायचंय."

भाऊंनी गळ्यावरून हात फिरवला. गाठ नव्हती. "गाठच नाई तं आता टोचता कायले?" हसत हसत दुपट्टा गळ्याभोवती टाकला, उठले, दोघींना हात जोडले आणि एसटी चुकेल म्हणून गेलेच. मॅडम दारापर्यंत त्यांच्या मागे गेल्या. मी त्यांना पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागे जाताना पाहिलं.

दुपारी काच पाहिली. मला बोलावून म्हणाल्या, "डोळा लाव." मला जांभळे ठिपके दिसले. "बहुतेक सगळं मेलेलं, काही सांगत नाही. पण ह्या कोपऱ्यात बघ. चार-सहा पेशी. ह्या इथल्या नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे गाठ मानेत आहे, पण आजार मानेतला नसावा. बहुधा टॉन्सिल, नाहीतर जिभेचं मूळ. तिथे तो तिळाएवढा असतो, दुखत नाही, दिसत नाही. मानेत येऊन साठतो आणि मऊ गाठ होतो. एवढ्या पेशींवर मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि गप्पही बसू शकत नाही. मला तो परत हवा."

फोन केले. आत्मारामभाऊ उचलायचे, मोकळेपणाने बोलायचे. "मी मस्त आहो जी. तुमच्या हातानं गुन आला." परत या म्हटलं की, "काऊन? पानी तं निंगलं." शेवटी एका सकाळी मॅडम पायात चपला घालून माझ्या दारात उभ्या.

"चल. तू बरोबर हवीस. माझं मराठी तिथे उतरत नाही."

गावी पोहोचलो तेव्हा ते तलावाच्या पाळीवर होते. आम्हाला पाहून इतके खूष झाले की घरी न नेता आधी तलावच दाखवू लागले. तलाव तुडुंब होता. खाली लवकर येणारं हलकं धान पिवळं पडत आलेलं. मॅडम ऐकत होत्या, पण त्यांची नजर माणसाच्या गळ्यावर. गाठ परत थोडी भरली होती. दुपट्ट्याखाली त्यांनाच दिसली असावी.

पाळ उतरताना एके ठिकाणी माती ओली, पाय रुतेल अशी होती. मॅडम थांबल्या.

"भाऊ, हे काय झिरपतंय? इथे माती टाकत नाही का तुम्ही?"

आत्मारामभाऊ हसले. शहरातल्या माणसाने नेमका तोच प्रश्न विचारावा, याची त्यांना मौज वाटली. "इथं टाकून काय होते, बाई? वल इथं दिसते, पन पानी घुसते दुसऱ्याच जागून. तिकडं, आतून, पान्याखालून खेकड्याचं बीळ रायते. ते बुजवा लागते. नाई तं एखाद्या दिवशी पाळच जाईन."

"ते दिसतं का?"

"दिसत नाई. पान्यात उतरून पायानं चाचपा लागते."

कर्क म्हणजे खेकडाच. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघींनी तो शब्द उचलला नाही, तिथेच पडू दिला.

मग त्या पाळीच्या उतारावर तशाच बसल्या, नवी साडी असून. "भाऊ, तुमच्या मानेत जे होतं ती ओल होती," त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "मी ती उपसली. ती कुठून घुसतेय, ते मला शोधायचंय. हात लावून पाहा, परत साठलं आहे." मग माझ्याकडे वळल्या. "सांग."

मी आमच्या बोलीत सांगितलं. सगळं सांगितलं, त्या कोपऱ्यातल्या पेशीसुद्धा. माझ्या बोलण्याला पत्रकाची सवय आहे, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. आत्मारामभाऊंनी गळ्याला हात लावला. हात तिथेच राहिला. 

"धान निंगू द्या," ते म्हणाले. "मंग येतो."

"तोवर थांबू नका, भाऊ."

"उभं धान टाकून कसा येऊ जी? तुमी समजा."

चहा झाला, पोहे झाले, त्यांच्या बायकोने मॅडमना कुंकू लावलं, तिच्यापुढे कुणीच विषय काढला नाही. महामार्गावर बसची वाट पाहत उभ्या असताना ट्रकांच्या धुळीत मी बडबडत राहिले. तालुक्याला असा एक डॉक्टर असता तर, गाड्या वेळेवर असत्या तर, लोकांना आधी कुणी सांगितलं असतं तर. मॅडम ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

"तू नीट सांगितलंस," बसमध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या. "त्याला कळलं. इतके दिवस मी एकटी होते. आता तो एकटा आहे. त्या घरात, सगळ्यांच्या मधे."

त्यानंतरचे दिवस मॅडमनी कसे काढले, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.  खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, परत सरकल्याचा यायचा. फोन त्यांनी मुद्दाम केला नाही. "मी केला की तो मला धीर देईल," म्हणाल्या. "त्याने स्वतःला घाबरू दे."

मग एक दिवस दुपारी मला आत्मारामभाऊंचा फोन आला, गोंदियाच्या बसस्थानकावरून. धान अजून उभं होतं. दवाखान्याची वाट आठवत नाही म्हणाले, पण मी गेले तेव्हा कळलं की वाट आठवत होती. एकट्याने चालवत नव्हती.

"झोपच येऊन नाई राहिली," रस्त्यात म्हणाले. "गळ्याले हात लावला का बीळ आठवते."

"घरी सांगितलं?"

"धानाच्या फवारनीची दवाई आनतो म्हनून आलो."

मॅडमनी त्यांना पाहिलं आणि काही न बोलता चहा मागवला. ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. या वेळी भरलेल्यातलं थोडंच घेतलं आणि सुई गाठीच्या भिंतीत फिरवली. आत्मारामभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांना तोंड उघडायला लावून विजेरीने आत पाहिलं, डावीकडे जरा जास्त वेळ. "बाहेर बसा," म्हणाल्या. "आज आजच सांगते."

बाकावर ते आणि मी. ते मला यंदा धानावर पडलेल्या तुडतुड्याबद्दल सांगत होते, मधेच कुठल्या तरी भाच्याच्या लग्नाबद्दल. दाराला वर काच होती. तिच्यातून मॅडमची वाकलेली पाठ दिसत होती. ती पाठ एकदा सरळ झाली. त्या सूक्ष्मदर्शकापासून दूर झाल्या, दाराकडे आल्या आणि आतल्या बाजूला उभ्याच राहिल्या. कडीवर हात ठेवलेला असावा, कारण कडी जराशी हलली. आत्मारामभाऊ लग्नाचं सांगत होते. मी हुंकार देत होते. दार उघडलं.

त्या आमच्या मधे बसल्या.

"भाऊ, हे साधं नाही. कर्करोग आहे. टॉन्सिलमधून आलाय असं मला वाटतं. नागपूरला तिथला तुकडा काढून खात्री करतील आणि इलाज सुरू करतील. इलाज आहे. लवकर आलात."

त्यांनी दुपट्टा गळ्यावरून काढून मांडीवर घेतला. मग अगदी साध्या आवाजात, "जगन का जी?"

"जगाल असं मला वाटतं. पण आज मी तुम्हाला नुसतं 'हो' म्हणणार नाही. मागे एकदा मी फार लवकर बोलले होते."

पुढचं इथेच सांगून टाकते. आत्मारामभाऊ आहेत. नागपूरला किरणांच्या शेकाने त्यांचं तोंड कोरडं पडलं. अजून घोट घेतल्याशिवाय घास उतरत नाही, खांद्याला सतत बाटली असते. पण पाळीवर फिरतात. मॅडम त्या वर्षाअखेरीस गोंदिया सोडून गेल्या. त्यांचा करार कुणी वाढवला नाही. बाहेरून निकाल स्वस्तात येतो, असं इस्पितळाने ठरवलं. त्या आठवड्यात मी वडिलांना घेऊन नागपुरात होते. परत आले तर शेजारच्या दाराला कुलूप. माझ्याकडे त्यांचा निरोप नाही, आणि बहिणीचं गावही मला माहीत नव्हतं. म्हणून त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं, असं मी धरते ते भाऊंना सांगितलं त्याच संध्याकाळी.

आत्मारामभाऊ बाकावरून उठले, दुपट्टा झटकला, परत गळ्याला गुंडाळला. दोन पावलं गेले आणि वळले.

"बाई, घरी कोन सांगन?" ते म्हणाले. "मायाच्यानं नाई होत."

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही. आत जाऊन सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं, दिवा बंद केला, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चला."

मी त्यांना बसस्थानकापर्यंत सोडलं. मला बरोबर घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, आता लागणार नाहीस. गाडी उभीच होती. कंडक्टर ओळखीचा निघाला. म्हणाला, "मॅडम, आज वापसीची गाडी नाही मिळणार."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि चढल्या.

गाडी मागे घेत वळली तेव्हा आतले दिवे लागले. खिडकीत आत्मारामभाऊ दिसले. ते बोलत होते, हात हलवून, सारखे. तलावाचं असेल, धानाचं असेल, बायकोचं असेल. मॅडम त्यांच्याकडे वळून बसल्या होत्या, गळ्याकडे नाही, तोंडाकडे पाहत. त्या काहीच सांगत नव्हत्या. ऐकत होत्या.